‘सार्ज’ची तीन वर्षे

१९९५ सालच्या अखेरीस इन्फोमॅजिक नावाच्या एका अमेरिकन विक्रेत्याने ‘डेबियन १.०’ असे नाव दिलेल्या सीडी बाजारात आणल्या, तेव्हा ज्या स्वयंसेवकांच्या मंडळाने डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली घडवावयास घेतली होती त्यांच्या दप्तरी १.० नावाची कोणतीही आवृत्ती नव्हती; विक्रेत्याने उचलून छापले होते ते त्यांचे अपुरे, घडणीत असलेले काम. ११ डिसेंबर रोजी उभयपक्षी निवेदन निघाले की ही सीडी सदोष आहे, हिला डेबियनची आवृत्ती समजू नये. आणि लोकांचा आणखी घोटाळा होऊ नये म्हणून मंडळाने १.० या आकड्यावरच पाणी सोडले व जून १९९६ मध्ये आपली आवृत्ती १.१ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. घटना म्हटली तर हसून सोडून द्यावी अशी. तथापि चालू काम कोणते आणि लोकांच्या हाती निर्धास्तपणे द्यावे असे काम कोणते, ही सीमारेषा कोणी आखावयाची, हा जो प्रश्न पुढे तीस वर्षे लिनक्सच्या जगाला छळत राहिला, त्याची पहिली चुणूक या प्रकरणात दिसते.

लिनक्स हे वस्तुतः संगणकप्रणालीच्या केवळ गाभ्याचे नाव. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. लेखन, मुद्रण, संदेशवहन, चित्रे, अक्षरजुळणी यांसाठी लागणारे हजारो प्रोग्रॅम मात्र जगभरच्या निरनिराळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या सवडीने लिहिले. हे सारे गोळा करून, एकाचे दुसऱ्याशी जमते की नाही हे पाहून, प्रत्येकाचे ‘पॅकेज’ बांधून वापरणाऱ्याच्या हाती एक सुसंगत संच देणे हे ज्यांचे काम, त्यांना डिस्ट्रिब्यूशन किंवा बोलीत नुसते ‘डिस्ट्रो’ म्हणतात. या कामातली अडचण अशी की मूळ लेखक दर महिन्या-दोन महिन्यांनी नवी आवृत्ती काढीत असतो आणि वापरणाऱ्याला आज चालले ते उद्याही तसेच चालावे असे वाटत असते. त्यातही गंमत ही की नवे काही निघाले असे कानी आले म्हणजे तेही त्याला हवेच असते. अशाच पेचात वसमत तालुक्यातील कुरुंद्याच्या टापूतला हळद पिकवणारा शेतकरी खात्रीचे बेणे सबंध रानात लावतो आणि नव्या वाणाचे आणले तर ते प्रथम एखाद्या वाफ्यात घालून पाहतो. या शहाणपणाला डेबियनने कायदेकानूंचे रूप दिले. फरक एवढाच की शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या बांधापुरता असतो, आणि डेबियनचा निर्णय ज्यांची नावेही त्या मंडळाला ठाऊक नाहीत अशा असंख्य लोकांच्या यंत्रांवर अंमल करतो.

डेबियनची स्थापना इयन मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केली. त्यावेळच्या एसएलएस या संचात चुका फार आणि त्या दुरुस्त करण्याची कोणाला फिकीर नाही, हे त्याच्या उद्योगाचे निमित्त. पुढे ब्रूस पेरेन्स यांच्याकडे कारभार आला. ते पिक्सार या चित्रपटसंस्थेत नोकरीस असल्यामुळे प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’तल्या एकेका पात्राचे नाव देण्याची वहिवाट पडली. जे काम सतत चालू असते, ज्यात रोज मोडतोड होते, त्या ‘अनस्टेबल’ विभागाला कायमचे नाव मिळाले सिड. सिड म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. या मंडळींना विनोदबुद्धी होती यात शंका नाही.

आरंभीची पद्धत सरळ होती. अनस्टेबलमध्ये वर्षभर काम चालू द्यावयाचे, मग एके दिवशी त्याची नक्कल काढून ती गोठवावयाची, म्हणजे नव्या आवृत्त्यांना मज्जाव करून केवळ दोषांची दुरुस्ती करावयाची, आणि दोष आटोक्यात आले की तिला ‘स्टेबल’ म्हणून प्रसिद्ध करावयाचे. पॅकेजे शेकड्यांत होती तोवर हे निभावले. हजारांवर गेली तेव्हा असे दिसून आले की गोठवलेल्या मालात मुळातच इतके मोडलेले सामान भरलेले असते की ते निस्तरण्यात महिनेच्या महिने जातात. ‘पोटॅटो’ नावाची आवृत्ती जानेवारी २००० मध्ये गोठली ती बाहेर पडली १५ ऑगस्टला, आणि तेवढ्या अवधीत बाहेरचे जग आणखी पुढे गेले. यावर अँथनी टाउन्स यांनी योजलेला उपाय डिसेंबर २००० मध्ये अमलात आला. अनस्टेबल आणि स्टेबल यांच्या मधोमध ‘टेस्टिंग’ नावाचा तिसरा विभाग उभारण्यात आला, आणि नियम असा करण्यात आला की नवे पॅकेज अनस्टेबलमध्ये सर्वसाधारणपणे दहा दिवस, थोडी निकड असेल तर पाच व फारच निकड असेल तर दोन दिवस राहावे, त्या मुदतीत गंभीर तक्रार येऊ नये, त्याच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजे मोडू नयेत, तरच ते पुढे सरकावे. हे सर्व एक प्रोग्रॅम आपोआप करी. माणसाच्या मर्जीऐवजी मुदत आणि तक्रारवही यांच्यावर भिस्त ठेवणारी ही व्यवस्था मला या सबंध इतिहासातील सर्वांत कल्पक वाटते. मात्र तिने जी आशा निर्माण केली, की आता आवृत्त्या भराभर निघतील, ती लवकरच फोल ठरावयाची होती.

१९ जुलै २००२ रोजी ‘वुडी’ म्हणजे डेबियन ३.० प्रसिद्ध झाली, आणि पुढची ‘सार्ज’ निघावयास ६ जून २००५ उजाडले. या तीन वर्षांत स्टेबलवर निष्ठा ठेवणाऱ्याच्या संगणकावर ग्नोम हा दर्शनी मांडणीचा संच १.४ या आवृत्तीचा होता. त्याची सर्वस्वी नव्याने बांधलेली २.० आवृत्ती वुडीच्या आधी महिनाभरही झाला नसेल अशा वेळी, जून २००२ मध्ये, आली होती. परंतु वुडीचे दार तेव्हा बंद झालेले होते.

इंग्रजी वाचणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने या विलंबाचा अर्थ फार तर जुनी चित्रे, जुनी बटणे एवढाच. मराठी वाचणाऱ्याची गोष्ट निराळी होती. देवनागरीत जे ज्या क्रमाने साठवले जाते ते त्याच क्रमाने पडद्यावर उमटवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनामागून साठवली जाते आणि दाखवावी लागते व्यंजनाच्या आधी, जोडाक्षरांचे तुकडे एकमेकांत मिसळावे लागतात, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवावा लागतो. हे संस्कार करणारा ‘पँगो’ नावाचा घटक मार्च २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.० या खिडक्या-बटणांच्या साधनसंचाबरोबर आला आणि ग्नोम २ त्यावर उभे राहिले, ग्नोम १.४ च्या पायाशी तो नव्हता. साधा पत्ता घ्या : ‘मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली’. हे संस्कार नसलेल्या यंत्रावर ‘हिंगोली’तील वेलांटी ह च्या मागे जाऊन बसावयाची, ‘रु’ला त्याचे वळण न मिळता उकार र च्या तळाशी लोंबावयाचा, आणि बापडे ‘वसमत’ तेवढे सुखरूप राहावयाचे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला मराठीचा खास आडवा र तर पुढेही अनेक वर्षे अक्षरजुळणी करणाऱ्यांना घाम फोडीत राहिला, कारण हिंदीला त्याची गरज नाही आणि रफाराहून तो वेगळा आहे हे यंत्राला मुद्दाम शिकवावे लागते.

म्हणजे ज्या वर्षांत आपल्या लिपीची संगणकावरील व्यवस्था प्रत्यक्ष घडत होती, नेमक्या त्याच वर्षांत स्टेबलचा काटा थांबलेला होता. मुंबईत एनसीएसटी या सरकारी संस्थेने ‘इंडिक्स’ या नावाने, आणि इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी स्वतंत्रपणे, भारतीय लिप्या लिनक्सवर आणण्याचा खटाटोप चालवला होता. सप्टेंबर २००२ मध्ये निघालेल्या रेड हॅट लिनक्स ८.० ने ग्नोम २ स्वीकारले व युनिकोडवर आधारलेले यूटीएफ-८ हे संकेतन बहुतेक भाषांसाठी लागू केले. आणि २००४ मध्ये त्याच कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करवून घेतलेले ‘लोहित’ हे फॉण्ट, सुरुवातीस मोजक्या भारतीय लिप्यांसाठी, मुक्त परवान्याखाली खुले केले. यातले ताजे ते ज्याला हवे त्याने स्टेबल सोडून अनस्टेबलच्या रोजच्या पडझडीत राहावे, नाहीतर दुसऱ्या डिस्ट्रोची वाट धरावी, असा तो मामला होता. स्थिरतेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याची भाषा आधीच यंत्रात स्थिरावलेली आहे त्याला ती स्वस्त पडते, हे त्या काळच्या चर्चांत फारसे कोणी बोललेले दिसत नाही.

सार्जला उशीर का झाला, याची कारणे अनेक. जुना स्थापनासंच टाकून देऊन नवा मुळापासून लिहावयास घेतला होता आणि त्याला अपेक्षेपेक्षा पुष्कळच वेळ लागला. त्यात नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या चार यंत्रांवर चोरट्याने प्रवेश मिळवला. एका सभासदाचा चोरलेला पासवर्ड वापरून तो आत आला आणि मग लिनक्स गाभ्यातील एका वैगुण्याच्या आधारे त्याने सर्वाधिकार हस्तगत केले. पॅकेजांचे भांडार सुदैवाने बचावले. या प्रकरणातली खरी बोचरी बाब तपासात बाहेर आली : ते वैगुण्य सप्टेंबरमध्येच कोणाच्या तरी ध्यानात आले होते आणि गाभ्याच्या होऊ घातलेल्या २.४.२३ या आवृत्तीत दुरुस्तही झाले होते, परंतु २.४.२२ त्याआधी निघून गेलेली, आणि ही दुरुस्ती सुरक्षिततेच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे हे कोणी ओळखलेले नव्हते. स्टेबलचे सगळे तत्त्व असे की आवृत्ती जुनीच ठेवावी, मात्र नव्या आवृत्तीतली महत्त्वाची दुरुस्ती तेवढी मागे आणून तिच्यात बसवावी; याला बॅकपोर्ट म्हणतात. पण शेकडो फेरफारांतून महत्त्वाचा कोणता हे आधी कोणी सांगितले पाहिजे ना? येथे ते कोणीच सांगितले नव्हते.

हे निस्तरते न निस्तरते तोच २००४ मध्ये मंडळाने आपल्या सामाजिक कराराची, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेल्या जाहीर वचननाम्याची, भाषा मतदानाने बदलली. प्रोग्रॅमच नव्हेत तर दस्तऐवज, फॉण्ट, यंत्रांच्या आतले फर्मवेअर, सारे काही मुक्तच असले पाहिजे असा तिचा अर्थ निघतो, तेव्हा सार्जमधून पुष्कळ सामान काढावे लागेल, असा कौल आवृत्ती-व्यवस्थापक टाउन्स यांनी दिल्यावर एकच गहजब उडाला, आणि सार्ज निघेपर्यंत या बदलाची अंमलबजावणी तहकूब ठेवण्यासाठी दुसरे मतदान घ्यावे लागले. स्वयंसेवकांच्या प्रजासत्ताकात तत्त्वनिष्ठा आणि वेळापत्रक यांची गाठ पडली म्हणजे असेच व्हावयाचे.

इकडे बाजार थांबणार नव्हता. रेड हॅटने आपले जुने घर मोडून दोन घरे मांडली होती : कंपन्यांसाठी वर्षानुवर्षे न हलणारे, पैसे घेऊन जबाबदारी पत्करणारे एंटरप्राइज लिनक्स, आणि नोव्हेंबर २००३ पासून फेडोरा, जिची एकेक आवृत्ती जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष सांभाळली जाई. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी तर डेबियनच्याच अनस्टेबलमधून माल उचलून, दर सहा महिन्यांनी काहीही झाले तरी आवृत्ती काढावयाची असा नेम करून, २० ऑक्टोबर २००४ रोजी उबुंटू सुरू केले. सार्ज यावयाच्या आत उबुंटूच्या दोन आवृत्त्या निघून गेल्या होत्या. या उबुंटूलाही पुढे, दीर्घकाळ सांभाळावयाची पहिली आवृत्ती काढताना, एप्रिल २००६ ची तारीख जूनपर्यंत ढकलावी लागली, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

अखेर सार्ज आली. पॅकेजे पंधरा हजारांहून अधिक, स्थापनासंच नवा, ग्नोम २.८. आणि तीन वर्षे पारखून, तासून बाहेर काढलेल्या या आवृत्तीच्या पहिल्या सीडीतच एक चूक राहून गेली. सुरक्षा-दुरुस्त्या कोठून आणावयाच्या हे यंत्राला सांगणारी जी ओळ असते तिच्यात स्टेबलऐवजी टेस्टिंगचा पत्ता राहिला होता, शिवाय ती ओळ निष्क्रिय होती. सीडीवरून नवी स्थापना करणाऱ्याला दुरुस्त्या आपोआप मिळणारच नव्हत्या. दोन दिवसांत मंडळाने तसे जाहीर करून सुधारित सीडी काढण्याचे मान्य केले. कितीही थांबले तरी शेवटच्या घटकेला बदललेली एक ओळ तपासणीतून सुटते, याचे इतके नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

सार्जच्या अनुभवाने डेबियनचे वर्तन बदलले. ‘एच’ एप्रिल २००७ मध्ये आली, ‘लेनी’ १४ फेब्रुवारी २००९ रोजी, ‘स्क्वीझ’ ६ फेब्रुवारी २०११ रोजी; सुमारे दोन वर्षांची ही लय तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. एचने चित्रमय स्थापनासंच आणला, त्यामुळे जोडाक्षरांच्या लिप्या स्थापनेच्या पडद्यावर प्रथमच नीट दिसू शकल्या. आणि लेनीमध्ये ज्या पाच भाषा नव्याने दाखल झाल्या त्यांत अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी आणि सर्बियन यांच्या पंक्तीला मराठी होती. डेबियनच्याच पायावर सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली उभारली, ती २००७ पासून सरकारी कचेऱ्यांतून व शाळांतून गेली. मधली भूक भागवण्यासाठी, निवडक पॅकेजांच्या ताज्या आवृत्त्या स्टेबलवर चालतील अशा रीतीने बांधून देणारा बॅकपोर्टचा स्वतंत्र विभागही २०१० मध्ये अधिकृत झाला.

लय आली तरी पेच सुटला असे मात्र नाही. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. युनिकोडने त्याला ऑक्टोबरमध्ये क्रमांक दिला, आणि त्याच महिन्यात निघालेल्या उबुंटू १०.१० च्या फॉण्टमध्ये ते आलेही. डेबियनची स्क्वीझ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोठली होती, त्या दिवशी त्या चिन्हाला युनिकोडात स्थानच नव्हते. वसमतच्या हळदबाजारातल्या अडत्याला पावतीवर ‘रु.’ लिहून काम भागवता येते हे खरे. परंतु देशाचे चलनचिन्ह आणि डिस्ट्रोची गोठवणी यांचे वेळापत्रक कोणी कोणाला विचारून ठरवीत नाही.

दुसरा पेच अधिक गंभीर. डिस्ट्रोवाले मूळ लेखकाच्या कामात जे फेरफार करतात त्यांची जबाबदारी कोणाची? २००६ मध्ये डेबियनच्या एका पॅकेजकाराने तपासणीयंत्राच्या इशाऱ्यावरून ओपनएसएसएल या गूढलेखनाच्या ग्रंथालयातील एक-दोन ओळी निरुपद्रवी समजून काढल्या, आणि त्यामुळे त्या यंत्रांवर तयार होणाऱ्या किल्ल्या एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, फार तर ३२,७६७ इतक्याच निरनिराळ्या होऊ शकतील अशी अवस्था झाली. टेस्टिंगची मुदत उलटली, कोणाची तक्रार आली नाही, एच प्रसिद्ध झाली, उबुंटूने तोच माल उचलला. लुचानो बेलो यांच्या नजरेस ही गोष्ट आली व १३ मे २००८ रोजी ती जाहीर झाली, तोवर पावणेदोन वर्षांच्या किल्ल्या बाद ठरल्या होत्या. मूळ लेखकही आपल्या जुन्या आवृत्त्यांचे ओझे वाहण्यास राजी नसतात. मोझिलाने आपल्या नावाखाली परस्पर फेरफार नकोत अशी हरकत घेतल्यामुळे २००६ पासून दहा वर्षे डेबियनात फायरफॉक्स ‘आइसवीझल’ या नावाने नांदला. आणि ब्राउझरच्या दुरुस्त्या मागे आणणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे झाल्यावर २०१३ मध्ये मंडळाने, स्टेबलच्या नियमाला मुरड घालून, त्याच्या दीर्घमुदती आवृत्त्याच स्टेबलमध्ये घ्यावयास सुरुवात केली. माझ्या मते हा डेबियनच्या इतिहासातला सर्वांत प्रौढ निर्णय होय, कारण आपल्याच्याने काय होत नाही ते त्यात कबूल केले आहे. एक्सस्क्रीनसेव्हरचे लेखक जेमी झविन्स्की यांनी तर ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ असा इशारा आपल्या प्रोग्रॅममध्येच पेरून ठेवला होता. तो २०१६ मध्ये डेबियनच्या वापरकर्त्यांच्या पडद्यावर उगवला तेव्हा चिडलेल्या पॅकेजकारांना त्यांनी सरळ सांगितले की, त्यापेक्षा माझा प्रोग्रॅमच काढून टाका.

जुनेपणाने कधी वाचवले नाही असेही म्हणता येणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ने जगभरचे सर्व्हर हादरले तेव्हा दोष होता तो ओपनएसएसएलच्या १.०.१ मालिकेत, स्क्वीझमधली ०.९.८ इतकी जुनी होती की तिच्यात तो शिरलेलाच नव्हता. आणि २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणलेले एक्सझेड प्रकरण तर सर्वांच्या स्मरणात असेल. संक्षेपाच्या त्या साध्या ग्रंथालयात, दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करून सहलेखक झालेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने चोरवाट ठेवली होती. ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या चाचणी-आवृत्त्यांत पोहोचल्या होत्या. स्टेबलपर्यंत आल्या नव्हत्या. स्टेबलचे भक्त या घटनेचा दाखला आनंदाने देतात. परंतु फ्रॉइंड यांना संशय आला तो त्यांच्या अनस्टेबलवर चालणाऱ्या यंत्रात लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे यावरून. कोणी तरी अनस्टेबलमध्ये राहत होते आणि बारकाईने पाहत होते, म्हणून स्टेबल वाचली. नुसते थांबून राहण्याने ती चोरवाट पुढच्या आवृत्तीबरोबर स्टेबलमध्येही सुखाने नांदली असती.

‘ट्रिक्सी’ म्हणजे डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली, आणि पुढच्या ‘फॉर्की’चे काम टेस्टिंगमध्ये चालू आहे. तिच्यात मराठीचा एखादा अनुवाद चुकला असेल, एखाद्या फॉण्टमध्ये ‘तऱ्हा’चा र रफार होऊन बसत असेल, तर त्याची तक्रार गोठवणीपूर्वी गेली तरच ती निश्चिंतपणे दुरुस्त होते, मागाहून आलेली बहुधा पुढच्या दोन वर्षांच्या खात्यावर पडते. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या वा वसमत-कुरुंद्याच्या सेवाकेंद्रात संगणकावर बसणाऱ्या वाचकाने टेस्टिंगची सीडी एकदा एखाद्या जुन्या यंत्रावर चालवून पाहावी, आपल्या गावाचा पत्ता त्यावर टंकित करावा, आणि चुकीचे उमटले तर डेबियनच्या तक्रारवहीत ते नोंदवावे. नोंदीला शुल्क नाही, आणि तक्रार करणाऱ्याला कोणी पदवी विचारीत नाही.